जातानाचं की येतानाचं

पांढऱ्या शर्टाची एक बाही इस्त्री करून झाली होती, दुसरी अजून चुरगळलेलीच लोंबत होती, आणि तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. तिने इस्त्री टेबलाच्या कडेला उभी केली आणि फोनवर झडपच घातली. घर एकदम चिडीचूप झालं. स्वयंपाकघरात आईचा झारा कढईवरच थांबला. आत्याने टीव्हीचा गळा दाबला. बाबा दाराशी बसून बूट चढवत होते, ते एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशा थाटात थबकले. न्हाणीघरातून धाकटी ओरडली, "आला का? कंपनीचाच आहे का?"

"हो, बोलतेय," थोरली म्हणत होती. "हो, स्टँडबायवरच आहे... जाऊन येऊन? कप्तान कोण आहेत?... बरं. निघालेच."

तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "फ्लाइट मिळाली."

"देवा, तुलाच काळजी रे बाबा," आई आतूनच म्हणाली, आणि झारा पुन्हा फिरू लागला.

दुसरी बाही तशीच राहिली. वरून कोट चढणार होता, कोण बघतंय! थोरलीने शर्ट अंगात घातला, खांद्यावर दोन पट्ट्या अडकवल्या, केसांना चाप लावला आणि दाराशी कायमची भरून ठेवलेली बॅग उचलली. आईने तिच्या हातात डबा कोंबला. इस्त्रीचं बटण बंद केलं ते आत्याने, तेही बऱ्याच वेळाने, टेबलावरची चादर तापल्याचा वास आल्यावर.

स्टँडबाय म्हणजे काय, हे त्या घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. कंपनीने बोलावलं की तासाभरात विमानतळावर हजर व्हायचं, आणि नाही बोलावलं तर हजर व्हायच्या तयारीत घरी बसायचं. थोरली पायलट होती. कप्तानाच्या शेजारच्या खुर्चीत बसणारी, दोन पट्ट्यांची. पण विमानात बसण्यापेक्षा ती घरातल्या सोफ्यावरच जास्त बसली होती. दाढ दुखत होती, पण दातांच्या डॉक्टरांची वेळ घेता येत नव्हती, कारण तोंडात यंत्र असताना फोन आला तर बोलणार कोण? मैत्रिणीचं बाळ रांगायला लागलं तरी हिचं त्याला बघायला जाणं झालं नव्हतं. आंघोळीला जाताना ती फोन आत्याच्या हातात देऊन जायची. आत्या तो असा धरून बसायची, की जणू काही तापमापकच आहे आणि हलला तर पारा उतरेल.

"आमच्या वेळी मुली स्थळं बघायला येणार म्हणून नटून बसायच्या," आत्या म्हणायची. "ही विमान बघायला येणार म्हणून नटून बसते. आणि विमान काही येत नाही."

यावर धाकटी फिदीफिदी हसायची आणि थोरलीही हसायची, पण तिचं हसणं ओठांच्या खाली उतरत नसे.

बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक छोटी गाडी, तिच्या टपावर पिवळी पाटी, आणि बाबांच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक आणि क्लच. आई त्या दिवसांत नोकरी करायची, म्हणून शाळा सुटल्यावर लहानगी थोरली त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसूनच गृहपाठ करायची. पुढे कुणीतरी घामाघूम झालेलं असायचं आणि बाबा शांतपणे म्हणत असायचे, "क्लच हळू सोडा. हळू म्हणजे माझ्या हळू, तुमच्या नाही." त्या गाडीत बसूनच तिला चालवणाऱ्या हातांचा नाद लागला असावा. शाळेत सगळ्या मुली चित्रं काढताना घर, डोंगर, नदी काढत, ही मात्र डॅशबोर्ड काढायची. पुढे तिने पायलट व्हायचं म्हटलं तेव्हा नातेवाईक हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यात शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो का?" असतो म्हटल्यावर ते निश्चिंत झाले आणि कर्जाच्या मागे लागले.

परवाना हातात आला तरी नोकरी लगेच मिळाली नाही. परवाना असलेले पायलट आणि नोकऱ्या यांचा मेळ कधीच बसत नाही. दोन वर्षं तिने एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवलं. मग या छोट्या कंपनीची जाहिरात आली, परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि निवड झाली. घरात कुणाला काय करू आणि काय नको असं झालं. त्या आनंदातच करारावर सह्या झाल्या.

तो दिवस थोरलीला नीट आठवत होता. गारेगार खोली, लांब टेबल, चहा, बिस्किटं, आणि त्यांच्या तुकडीतली सगळी पोरंपोरी आपापल्या आईबापांना घेऊन आलेली. कंपनी आपल्या विमानाचं खास प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने देणार होती. त्या बदल्यात तीन वर्षं कंपनीतच राहायचं. मध्येच सोडली तर उरलेल्या काळाच्या हिशेबाने प्रशिक्षणाचा खर्च परत करायचा. जामीन म्हणून घरच्या कुणाची तरी सही. ऐकायला सगळं रीतसर वाटत होतं. कंपनीने शिकवायचं आणि पोरांनी दुसऱ्याच दिवशी पळून जायचं, हे कुणाला पटेल? बाबांनी तर सही अशी केली, की लेकीचं प्रगतिपुस्तकच समोर ठेवलंय.

"कुठे पळून जाणार आहे ती?" ते शेजारच्या मुलाच्या वडिलांना म्हणाले होते. "तिला उडायचंच तर आहे."

तेच झालं नाही. प्रशिक्षण झालं, दोन-चार महिने उड्डाणं झाली, आणि मग कंपनीची विमानं एकामागून एक धावपट्टीच्या कडेला उभी राहू लागली. इंजिनं दुरुस्तीला गेली ती परत येईनात. उरलेल्या विमानांवर जुने लोक आधी. नवी तुकडी स्टँडबायवर. नवीन विमानं येणार आहेत, असं दर महिन्याच्या मीटिंगमध्ये सांगितलं जायचं, आणि ऐकणारे सगळे मूग गिळून बसायचे. सोडून जावं तर करार. थांबावं तर सोफा. पगारही उड्डाणाच्या तासांवर, म्हणजे सोफ्याचा पगार जेमतेम.

यातून एक वाट निघाली होती. एका मोठ्या कंपनीने थोरलीला निवडलं होतं. जुन्या कराराची उरलेली रक्कम आम्ही भरतो, असंही त्यांनी मान्य केलं होतं. अर्थात त्यांचाही स्वतःचा करार होताच.

"म्हणजे एका खुंट्यावरून सोडायची आणि दुसऱ्याला बांधायची," आत्या म्हणाली होती.

"पण त्या खुंट्याला विमानं तरी आहेत, आत्या," थोरली म्हणाली होती.

अट एकच होती. रुजू होण्याच्या दिवशी तिचा उडवण्याचा सराव नियमाप्रमाणे चालू असला पाहिजे. नियम असा, की ठरलेल्या मुदतीत पायलटने स्वतःच्या हाताने तीन वेळा विमान उडवलेलं आणि उतरवलेलं हवं. शेजारी बसून बघितलेलं धरत नाहीत. तीन झाले नाहीत तर सराव तुटला असं धरतात, आणि मग सिम्युलेटरवर, म्हणजे त्या हलत्या नकली विमानात, परीक्षकासमोर पुन्हा हात दाखवावा लागतो. कंपनी सिम्युलेटरला पाठवायची, नाही असं नाही. पण पाठवण्याआधी एका पुरवणी कागदावर सही घ्यायची: हेही प्रशिक्षणच, म्हणून कराराची तीन वर्षं इथून पुढे नव्याने सुरू. असं झालं की उरलेली रक्कम पुन्हा फुगणार, आणि एवढी रक्कम मोठी कंपनी भरणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

थोरलीचे दोन उड्डाण-अवतरण झाले होते. एक उरलं होतं. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. म्हणून त्या सकाळी फोन वाजल्यावर घराचा श्वास अडकला होता.

विमानतळाच्या मागच्या बाजूला, सामानाच्या गाड्या जिथून जातात तिथे, पायलट लोकांची एक बुटकी खोली होती. भिंतीवर हवामानाचे कागद, कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर, आणि टेबलावर कुणीतरी विसरलेलं, टोपण नसलेलं पेन. कप्तान आधीच येऊन बसले होते. पाठीमागे सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण कागदावर खाडाखोड दिसली तर त्यांना ताप भरायचा. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ये. बऱ्याच दिवसांनी दिसतेस."

"स्टँडबायवर होते, सर."

"सगळेच स्टँडबायवर. मीही अर्धा स्टँडबायवरच." त्यांनी हवामानाचा कागद तिच्यापुढे सरकवला. दोघांनी इंधन किती, माणसं किती, वारा कसा, ते पाहिलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक जाऊन-येऊन फ्लाइटच्या आधी प्रत्येक कप्तान विचारतो. दोन फेऱ्या असतात. एक कप्तान उडवतो, एक शेजारचा. कुणी कुठली घ्यायची एवढंच ठरवायचं असतं.

"जातानाचं करतेस की येतानाचं?"

आता इथे काय बोलायचं, हे दोन पट्ट्यांच्या माणसाला पहिल्याच महिन्यात समजतं. पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. जो धाकटा पायलट तोंड उघडून मागतो, त्याला पुढे खोलीत हावरट म्हणतात. 'मला द्या, मला द्या'वाला. थोरलीच्या ओठांवर "जातानाचं" आलं होतं. सकाळची हवा शांत होती, समोरच्या कागदावर वाऱ्याचा आकडा नावापुरता. पण मागितलं तर हे विचारणार, घाई का? मग मुदतीचं सांगावं लागणार. मुदतीचं सांगितलं तर पुढचा प्रश्न, सिम्युलेटर आहे की कंपनीचं, एवढी कसली चिंता? आणि मग त्या मोठ्या कंपनीचं नाव निघणार. हेडमास्तर चहाडखोर नव्हते, पण भिंतींना कान आणि मुख्य पायलटच्या केबिनला दार नव्हतं. शिवाय जाताना काय, येताना काय, दोन्हीत एक उड्डाण आणि एक अवतरण. फरक काय पडतो?

"तुम्ही म्हणाल तसं, सर," ती म्हणाली.

"मग येतानाचं घे. आपल्या घरच्या धावपट्टीवर उतरवलेलं बरं. हाताला ओळखीची."

त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं.

जाताना काहीच झालं नाही. हेडमास्तरांनी विमान असं उतरवलं, की मागच्या सीटवरचं मूल झोपलेलं होतं ते झोपलेलंच राहिलं. पलीकडच्या छोट्या विमानतळावर प्रवासी उतरले, नवे चढले. थोरलीने शिडीखाली उभं राहून डब्यातले दोन घास खाल्ले, तेव्हा वाऱ्याची कापडी नळी दांड्याला सुस्त लोंबत होती. डबा बंद करेपर्यंत ती थोडी फुगली होती. थोरलीने पाहिलं आणि नजर फिरवली, नाही पाहिलं तर ती फुगणार नाही अशा आशेने.

परतीच्या उड्डाणाला कंट्रोल तिच्या हातात आले. इतक्या दिवसांनी. विमानाने नाक उचललं आणि तिच्या पोटात लहानपणी गाडी चढावरून उतरताना व्हायचं तसं झालं. हात काही विसरले नव्हते. ढगांच्या वर आल्यावर हेडमास्तर म्हणाले, "छान. हात मऊ आहे तुझा." तिने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि म्हटलं, एवढं एक अवतरण दे, मग पुन्हा काही मागणार नाही. देवाकडे असं सगळेच म्हणतात आणि देवही ते ऐकून सोडून देत असावा.

उतरायला पंधरा-वीस मिनिटं असताना टॉवरने वारा सांगितला. आडवा वारा, झोताझोताने येणारा. हेडमास्तरांनी मांडीवरच्या कागदावर आकडा लिहिला. पुन्हा विचारला. या वेळी तो आणखी वाढला होता. नव्या पायलटने किती आडव्या वाऱ्यात उतरवायचं, याची कंपनीची मर्यादा ठरलेली असते. कप्तानाची मर्यादा मोठी, नव्याची छोटी. मागे माणसं बसलेली असतात, तेव्हा ते योग्यच आहे.

"तुझ्या मर्यादेच्या बाहेर जातोय," हेडमास्तर म्हणाले.

"अजून एकदा विचारून बघू या, सर?"

विचारलं. टॉवरने तोच आकडा सांगितला, उलट थोडा वरचाच.

"एक गोल फेरी मारून थांबायचं का, सर? वारा पडेलही."

हेडमास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "मागे पन्नास माणसं आहेत, इंधन मोजून घेतलंय, आणि कप्तानाला उतरवता येतंय. फेरी कशासाठी मारायची?"

"दे," ते म्हणाले, आणि तिने दिलं. नियमाचे शब्द उच्चारून, हात मागे घेऊन, मांडीवर ठेवून. पुढची सगळी मिनिटं ती आकडे वाचत राहिली, उंची, वेग, वारा, आणि तिचा आवाज कुठेही हलला नाही. विमान एका चाकावर टेकलं, मग दुसऱ्या, मग पुढच्या. मोजून मापून. बाबांच्या भाषेत सांगायचं तर माझ्या हळू.

खोलीत परत आल्यावर हेडमास्तर नोंदी लिहायला बसले. अवतरणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, सुबक अक्षरात. थोरली उभी होती. ते पेन खाली ठेवतील, वर बघतील, आणि 'तुझंच नाव लिहू का' म्हणतील, अशी एक ओंगळ आशा तिच्या मनात आली. त्यांनी वही मिटली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. मग तिने सांगून टाकलं. मोठ्या कंपनीचं नाही. मुदतीचं, तीनचं, उद्याचं, पुरवणी कागदाचं.

हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"अगं, मग तोंड नव्हतं का तुला? सकाळी सांगितलं असतंस तर जातानाचं दिलं असतं की! मला काय कौतुक होतं त्याचं?"

"मागायचं कसं, सर?"

"तोंडाने!" ते एकदम चिडले. मग मऊ झाले. "आम्हीही नाही मागायचो. अजून नाही मागत. काय मूर्खपणा आहे बघ. लहान मुलं खाऊ मागतात आणि आपण..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "रोस्टरला सांगतो. उद्या एखादी फेरी मिळते का बघू."

ते खरंच बोलले रोस्टरशी, म्हणजे कुणाला कुठली फ्लाइट ते ठरवणाऱ्या खात्याशी. पण दुसऱ्या दिवशी एकच विमान उडणार होतं आणि त्याच्यावर आधीच कुणी दुसरं स्टँडबायवरून उचललेलं होतं. तेही तिच्यासारखंच कुणीतरी. त्याच्याकडून काढून घ्या, असं थोरलीला म्हणवलं नाही.

घरी आईने दार उघडलं आणि चेहरा बघून आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. धाकटीने मात्र विचारलं. थोरलीने सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे एका 'तुम्ही म्हणाल तसं'ने तीन वर्षं?"

"गप बस," आई म्हणाली.

"मी काय खोटं बोलले? मी तर हॉटेलात शेवटची भजीसुद्धा मागून घेते... बरं, गप बसते."

थोरली चिडून उठली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिला धाकटीचा राग आला नव्हता. स्वतःचा आला होता, हेडमास्तरांचा, वाऱ्याचा, त्या उभ्या राहिलेल्या विमानांचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. हे ती आईला कधीच म्हणाली नसती. आई मागून आली, हातावर हात ठेवून उभी राहिली, आणि म्हणाली, "रागाव त्याच्यावर. त्याला चालतं." थोरलीला हसूही आलं आणि रडूही.

मुदत संपली तसा लगेच कंपनीचा फोन आला. या वेळी रोस्टरवाली नव्हती, मनुष्यबळ खात्यातली मुलगी होती. "मॅम, सिम्युलेटरचा कागद तयार आहे. जामीनदारांची सही पण लागेल, त्यांना घेऊन या." बाबांनी दोन शिकाऊंना दुपारची वेळ दिली आणि पिवळ्या पाटीच्या गाडीतूनच ते दोघं ऑफिसला गेले.

तीच गारेगार खोली. चहा-बिस्किटं नव्हती. मुलीने कागद पुढे केला. "इथे मॅमची, इथे काकांची."

बाबांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. ते वाचायला लागले की ओठ हलवायचे. मुलीने दोनदा घड्याळाकडे बघितलं.

"ताई, एक विचारू?" बाबा म्हणाले. "माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. समजा मी एकाची फी घेतली, आणि गाडी गॅरेजमध्येच ठेवली. तो रोज येऊन बाकावर बसतोय. चार महिन्यांनी मी त्याला म्हटलं, अरे, तुझा हात गेला, पुन्हा शिकावं लागेल, पुन्हा फी भर. तर लोक मला काय करतील?"

मुलगी गोंधळली. "काका, ही पॉलिसी आहे."

"लोक मला झाडूने मारतील. आणि बरोबर करतील."

"विमानं कधी येणार?" थोरलीने विचारलं.

"मॅम, ते माझ्या हातात नाही."

"उडवू दिलं असतं तर सराव तुटला असता का?"

"तेही माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात काय आहे?" थोरलीचा आवाज चढला.

मुलीने दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅम, माझाही करार आहे. पगाराच्या सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग दिलं होतं त्याचा. ते सॉफ्टवेअर कंपनीने नंतर बदललं."

बाबांना हसू आवरेना, पण हसावं की नाही ते कळेना, म्हणून ते खोकले.

"सही नाही केली तर?" थोरली म्हणाली.

"तर कंपनी सिम्युलेटरला पाठवणार नाही. तुम्ही उड्डाणाच्या यादीतून बाहेर. फक्त मूळ पगार. जुना करार चालूच राहील."

"जुना चालू राहील. म्हणजे त्याचे महिने कमी होत राहतील?"

मुलीने कागद उलटून पाहिला. "हो. ते होत राहतील."

थोरलीने पेन उचललं. तिने पेनाचं टोपण लावलं आणि ते मुलीच्या बाजूला सरकवलं.

"नाही करत."

"मॅम, विचार करा—"

"सकाळपासून तेच करतेय."

ती जिन्याने भराभर उतरू लागली. बाबा तिच्या मागून उतरत होते आणि काहीच बोलत नव्हते, आणि तेच तिला सहन होईना.

"बोला ना काहीतरी! चुकलं का माझं?"

"मला काय कळतंय त्यातलं? मी सही करायला आलो होतो, सही न करता चाललोय. माझा अर्धा दिवस वाचला."

"मोठ्या कंपनीचं काय सांगू? त्यांना सराव चालू हवाय. हे पाठवणार नाहीत आणि..." ती पायरीवरच थांबली. इतके दिवस तिच्या आणि तिच्यासारख्या सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती: सिम्युलेटरला कंपनी पाठवते. गणवेश कंपनी देते, गाडी कंपनी पाठवते, रोस्टर कंपनी करते, तसंच सिम्युलेटरही. कुणी स्वतःहून गेलंय, असं तिने कधी ऐकलंच नव्हतं. पण नियमात कंपनीचं नाव कुठे होतं? नियमात फक्त परीक्षकाची सही होती. "बाबा, स्वतःचे पैसे भरून गेले तर? कंपनीच्या नावावर नाही, माझ्या नावावर?"

"चालतं?"

"माहीत नाही. म्हणजे नियमाला चालेल. पण ते सेंटरवाले कंपन्यांनाच वेळ देतात, एकट्या माणसाला मिळणं महामुश्कील. शिवाय परीक्षक वेगळा शोधावा लागेल. आणि पैसे..."

"पैशांचं नंतर भांडू," बाबा म्हणाले. "तोंडाने विचारायचं की नाही?"

तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. ते खाली बघून किल्ली शोधत होते.

मोठ्या कंपनीला तिने पार्किंगमधूनच फोन लावला. तिकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरडेपणाने सांगितलं, की रुजू होण्याच्या तारखेच्या आत परीक्षकाची सही आली तर ठीक, नाही आली तर जागा पुढच्या माणसाला. गोड शब्द एकही नाही. पण नाहीही म्हटलं नाही. थोरली फोन खिशात टाकताना दात-ओठ खात होती, आणि दुखरी दाढ चावली गेल्यावर तिने कळवळून एक शिवी हासडली. बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांचे शिकाऊ वाट बघत असणार होते, म्हणून त्यांनी तिला चौकात सोडलं. सिम्युलेटर सेंटर दुसऱ्या टोकाला होतं, बस बदलून जावं लागणार होतं, आणि त्यांचं काउंटर चार वाजता बंद व्हायचं. तिला तिथे जाऊन आपल्या नावावर एका तासाची वेळ मागायची होती.